महापालिका निवडणुकीत चार मतं कशी द्यावीत : मतदार यादीपासून महापौरपदापर्यंत

मुंबई वगळता महाराष्ट्रातल्या सगळ्या महापालिकांमध्ये मतदाराला एकाच वेळी एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. बहुतेक प्रभागांत चार, काही ठिकाणी तीन किंवा पाच. प्रचारात मात्र त्याच्या कानावर एकच गोष्ट घातली जाते, ती म्हणजे पूर्ण पॅनेल निवडून द्या, सगळी बटणं एकाच चिन्हासमोर दाबा. पक्षांनी असं सांगणं स्वाभाविक आहे. पण कायद्याच्या दृष्टीने त्या चार जागा म्हणजे चार स्वतंत्र निवडणुका. उमेदवार वेगळे, निकाल वेगळा. ‘अ’ जागेवर एका पक्षाचा, ‘ब’ जागेवर दुसऱ्या पक्षाचा आणि ‘क’ जागेवर अपक्ष असं मत देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो वापरायचा तर प्रत्येक जागेचा थोडा वेगळा अभ्यास हवा, आणि तो मतदानाच्या आदल्या रात्री होत नाही.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबई आणि पुण्यात त्याआधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झालं होतं. मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि तिथून पुढे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणूक अडकली. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा चक्रं हलली. त्यामुळे या शहरांतले सव्वीस वर्षांचे तरुणही आयुष्यात पहिल्यांदाच महापालिकेसाठी मत देत होते. मतदान कसं करायचं हे घरातल्या मोठ्यांना विचारावं, तर तेही नऊ वर्षांत विसरलेले. या लेखाचा उपयोग पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीला होईलच, मधल्या काळातल्या पोटनिवडणुकीलाही होईल.

तुम्ही कोणाला निवडता आणि कोणाला नाही

महापालिकेत तुम्ही नगरसेवक निवडता, महापौर नाही. निवडून आलेले नगरसेवक आपल्यातूनच महापौर निवडतात आणि त्याची मुदत अडीच वर्षांची असते. नगरपरिषद आणि नगरपंचायतीत नियम उलटा आहे. तिथे नगराध्यक्षासाठी जनता थेट मत देते. तालुक्याच्या गावातून शहरात आलेल्या अनेकांचा गोंधळ इथेच होतो. गावी नगराध्यक्षाला मत दिलेलं असतं, म्हणून इथे महापौराचं बटण शोधतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. महापालिकेचे कार्यकारी अधिकार महापौराकडे नसतात, ते राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. महापौर सभा चालवतो, शहराचं प्रतिनिधित्व करतो, विषय पुढे रेटू शकतो. पैशाचे बरेचसे निर्णय स्थायी समिती या नगरसेवकांच्या छोट्या समितीत होतात. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषदेची पद्धत आणून महापौराला खरे अधिकार देण्याचा प्रयोग झाला होता, पण वर्षभरातच तो गुंडाळला गेला. म्हणून प्रचारात कोणी महापौरपदाचा चेहरा पुढे केला, तरी तुमच्या हातात असलेली खरी ताकद तुमच्या प्रभागातल्या जागांपुरतीच आहे. त्याच नीट वापरा.

पायरी १ : यादीत नाव, आणि योग्य प्रभागात नाव

सर्वात जास्त मतं इथे वाया जातात, म्हणून या पायरीवर थोडं थांबू.

आपल्याकडे निवडणूक आयोग दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती राज्य निवडणूक आयोगाकडे. महाराष्ट्रात हा राज्य आयोग १९९४ पासून काम करतो. पण तो मतदारांची नावं स्वतः नोंदवत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतो आणि तिचे प्रभागवार तुकडे करतो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे एखाद्याने ऑगस्ट २०२५ मध्ये नाव नोंदवलं असेल, तर ते विधानसभेच्या यादीत आलं तरी महापालिकेच्या यादीत आलं नाही. मतदानाच्या दिवशी हातात नवंकोरं ओळखपत्र असूनही परत जावं लागलेल्या मतदाराची चिडचिड समजण्यासारखी आहे. पण केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला त्यात काहीही करता येत नाही. ओळखपत्र म्हणजे यादीतलं नाव नव्हे.

यावर उपाय एकच, निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहणं. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलला असेल किंवा तपशील दुरुस्त करायचा असेल तर अर्ज क्रमांक ८, मृत किंवा कायमच्या स्थलांतरित व्यक्तीचं नाव वगळण्यासाठी अर्ज क्रमांक ७. हे अर्ज ऑनलाइन भरता येतात किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे देता येतात. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुतेक वेळा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. तुमचा बीएलओ कोण हे माहीत नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारा. अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. घरात बारावीतलं मूल असेल तर त्याचा अर्ज परीक्षेचं टेन्शन सुरू होण्याआधी भरून टाका.

विधानसभेच्या यादीत नाव असलं तरी काम संपत नाही. प्रभागांच्या सीमा २०११ च्या जनगणनेतल्या प्रगणक गटांवरून, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटांवरून, आखतात. मतदार यादीचे भाग वेगळ्या हिशोबाने बनलेले असतात. एका यादी भागातली घरं दोन प्रभागांत विभागली जातात आणि ती विभागणी करताना सीमेवरची इमारत, कधी एखादी अख्खी सोसायटी, पलीकडच्या प्रभागात जाऊन बसते. एकाच घरात आईचं नाव एका प्रभागात आणि मुलाचं दुसऱ्या, असंही होतं. म्हणून प्रारूप प्रभागवार यादी प्रसिद्ध झाली की हरकतींच्या मुदतीत ती बघायलाच हवी. या टप्प्यावर राज्य आयोग नवीन नाव घालत नाही. तीन प्रकारच्या चुका मात्र दुरुस्त होतात. नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल, लेखनिकाच्या हातून चूक झाली असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागाच्या यादीत आणताना सुटलं असेल तर. हरकत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सोसायटीत किंवा चाळीत हे काम एकट्याने करण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून करावं. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने घर क्रमांक पडताळायचा. यादी वाचताना तीन गोष्टींवर बोट ठेवा. अनुक्रमांक, नावाचं शुद्धलेखन आणि घराचा पत्ता. सासर-माहेरच्या नावांचा घोळ बायकांच्या नोंदीत फार सापडतो. लग्नाआधीच्या पत्त्यावर एक नोंद, सासरी दुसरी. अशा संभाव्य दुबार नावांपुढे २०२५ च्या यादीत दोन तारांकनं छापली होती आणि त्या मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यायचं होतं. तुमच्या नावापुढे अशी खूण दिसली तर घाबरू नका, नाव गेलेलं नसतं. मतदानापूर्वीच ते लिहून दिलं की केंद्रावरचा खोळंबा वाचतो. त्यानंतर सवडीने जुनी नोंद कमी करून घ्या.

राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘मताधिकार’ या ॲपवर नाव, प्रभाग आणि केंद्र शोधता येतं. विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं तेच केंद्र महापालिकेला असेल असं धरून चालू नका. बरेचदा बदलतं.

पायरी २ : आपला प्रभाग आणि त्यातल्या जागा

प्रभागाचा नकाशा महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. तो एकदा डोळ्यांखालून घाला. चार सदस्यांचा प्रभाग मोठा असतो. त्यात तुमची वस्ती एका टोकाला असेल, तर चारही उमेदवार दुसऱ्या टोकाचे नाहीत ना, हे पाहणं शहाणपणाचं. उमेदवार त्याच प्रभागात राहणारा असावा अशी कायद्याची अट नाही. शहराच्या मतदार यादीत नाव असलं आणि वय २१ पूर्ण असलं की तो कुठल्याही प्रभागातून उभा राहू शकतो.

आता आरक्षण. प्रत्येक जागेला अक्षर असतं, अ, ब, क, ड. त्यातली एखादी अनुसूचित जातीसाठी, एखादी अनुसूचित जमातीसाठी, एखादी नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, म्हणजे ओबीसींसाठी, राखीव असू शकते, बाकीच्या सर्वसाधारण. एकूण जागांपैकी निम्म्या महिलांसाठी असतात. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर किमान एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये तो वाटा पन्नास टक्के केला. कोणती जागा कोणासाठी, हे सोडत काढून ठरतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. आरक्षण उमेदवारासाठी असतं, मतदारासाठी नाही. ‘अ’ जागा अनुसूचित जातीसाठी राखीव असली तरी प्रभागातला प्रत्येक मतदार त्या जागेसाठी मत देतो. महिला जागेसाठी पुरुषही मत देतात. ‘ती आपली जागा नाही’ म्हणून कोणी एखादी जागा सोडून देत असेल, तर त्याला शांतपणे समजावून सांगा. ज्या जागेकडे मतदार लक्ष देत नाही, तिथेच पक्ष सर्वात कमी विचार करून उमेदवार देतात. महिला जागेवर घरातल्या कोणालाही उभं करून कारभार नवऱ्याने किंवा दिराने पाहायचा, ही पद्धत टिकली ती याच दुर्लक्षामुळे. महिला उमेदवार प्रचाराला दारात आल्या की प्रश्न थेट त्यांनाच विचारा. उत्तर दुसरंच कोणी देऊ लागलं तर काय समजायचं ते समजा.

एखाद्या जागेवर एकच उमेदवार उरला तर ती जागा बिनविरोध होते आणि त्या जागेसाठी मतदान होत नाही. जानेवारी २०२६ मध्ये कल्याण-डोंबिवलीसह काही शहरांत असं झालं. तुमच्या प्रभागात तसं झालं असेल, तर मतं तितकी कमी द्यावी लागतात.

पायरी ३ : उमेदवार तपासणं

अर्ज माघारीची मुदत संपली आणि चिन्हं वाटली गेली की मैदान स्पष्ट होतं. त्याआधी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाला मिळाला, कोणाचा कापला, यात वेळ घालवण्यात मतदाराचा काही फायदा नाही. अंतिम यादी आली की कामाला लागा.

प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत शपथपत्र दिलेलं असतं. शिक्षण, व्यवसाय, गुन्ह्यांची माहिती, स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता, देणी, सगळं त्यात असतं. ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. वाचताना फक्त ‘गुन्हे : ३’ हा आकडा बघून मत बनवू नका. गुन्हा कशाचा आहे ते वाचा. पाण्यासाठी रास्ता रोको केला म्हणून जमावबंदीचा गुन्हा दाखल झालेला कार्यकर्ता आणि फसवणूक, खंडणी, जमीन बळकावणं यांत नाव आलेला इसम एका पारड्यात बसत नाहीत. न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, शिक्षा झाली आहे का, हे रकाने वेगळे असतात. उमेदवार आधी नगरसेवक असेल तर त्याचं मागच्या निवडणुकीचं शपथपत्र काढून शेजारी ठेवा. मालमत्तेतली वाढ आणि व्यवसायाचा रकाना एकमेकांना धरून आहे का, हे दहा मिनिटांत कळतं.

महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा हिस्सा किंवा हितसंबंध असणारी व्यक्ती नगरसेवक होण्यास अपात्र ठरते. कागदोपत्री हा नियम टाळणं कठीण नाही, म्हणून विचारावं लागतं. गल्लीतल्या गटाराचं, उद्यानाचं, रस्त्याच्या कडेच्या पेव्हर ब्लॉकचं काम कोणाच्या माणसाने घेतलं होतं, हे वस्तीत सगळ्यांना माहीत असतं.

यानंतर खरा प्रश्न येतो. हा माणूस महापालिकेत जाऊन काय करणार? उत्तर तपासायचं तर महापालिकेचं काम काय, हे आधी पक्कं असायला हवं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेने करायलाच हवीत अशी कामं दिली आहेत. पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते, दिवाबत्ती, कचरा, अग्निशमन, प्राथमिक शिक्षण, दवाखाने आणि लसीकरण, स्मशानभूमी ही त्यातली मुख्य. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, कामं साधारण हीच. वीज महावितरणची किंवा इतर कंपन्यांची (मुंबई शहरात मात्र ती महापालिकेच्याच बेस्टची), पोलीस राज्याचे, रेशन तहसील आणि शिधावाटप कार्यालयाचं. दरमहा खात्यात पैसे टाकणाऱ्या योजना राज्य सरकारच्या. नगरसेवकपदाचा उमेदवार या गोष्टींचं आश्वासन देत असेल तर तो दुसऱ्याच्या खिशातून देतोय. नम्रपणे विचारा, ‘हे काम महापालिकेच्या कोणत्या खात्याचं?’ बरेच जण तिथेच अडखळतात.

चांगला प्रश्न नेहमी छोटा आणि ठिकाणाचं नाव घेणारा असतो. ‘पाणी देणार का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘आमच्या भागाला ज्या टाकीतून पाणी येतं ती भरायला रोज किती वेळ लागतो, आणि दाब कमी पडतो तो कुठे?’ असं विचारलं की कोण फिरून आलाय आणि कोण बॅनरवरच आहे, ते लगेच दिसतं. त्याला नेमकं उत्तर येणं आवश्यक नाही. ‘मला माहीत नाही, पाणीपुरवठा विभागाला विचारून सांगतो’ म्हणणारा आणि दोन दिवसांनी खरंच सांगायला येणारा उमेदवार मला माहितीचा पाढा वाचणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. नगरसेवकाच्या कामाचा मोठा भाग पाठपुराव्याचाच असतो.

पैशाबद्दल. खर्चाची मर्यादा आयोग ठरवून देतो. २०२६ च्या निवडणुकीत मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या महापालिकांत ती एका उमेदवाराला १५ लाख रुपये होती, ‘ड’ वर्गातल्या लहान महापालिकांत ९ लाख. सहली, साड्या, मिक्सर, सोसायटीला रंग, मंडळाला साउंड सिस्टीम हे सगळं त्या मर्यादेत बसतं का, याचा हिशोब तुम्हीच करा. मतासाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. सोसायटीच्या गेटला रंग लावून घेतला म्हणून सोसायटीची मतं बांधली जातात, असं समजणाऱ्या पदाधिकाऱ्यांना सभासदांनी आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

हे सगळं झालं की एका कागदावर चार ओळी काढा. अ, ब, क, ड. प्रत्येकीसमोर आपला उमेदवार आणि त्याचं चिन्ह. चारही ओळींत एकच चिन्ह आलं तर हरकत नाही. पण ते प्रत्येक ओळीचा विचार करून आलेलं असावं.

पायरी ४ : मतदानाचा दिवस

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. साडेपाचला जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं. सोबत मतदार ओळखपत्र न्या. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, दिव्यांग प्रमाणपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड असं फोटोचं मान्य ओळखपत्र चालतं. मोबाइल मतदान कक्षात चालत नाही. म्हणून नाव आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या. पक्षाच्या टेबलावरची चिठ्ठी घेतली नाही तरी काही बिघडत नाही.

आता यंत्र. विधानसभेला आपण एकच बटण दाबतो आणि बाहेर पडतो. हात त्यालाच सरावलेला असतो. महापालिकेत तसं केलं तर तीन मतं राहून जातात. कक्षात गेल्यावर एकापेक्षा जास्त यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली दिसू शकतात. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिकट गुलाबी, ‘क’ फिकट पिवळा, ‘ड’ फिकट निळा. उमेदवारांच्या संख्येनुसार कधी एका जागेची नावं संपतात तिथेच खाली दुसऱ्या रंगात पुढच्या जागेची नावं सुरू होतात. म्हणून यंत्रं मोजू नका, रंग मोजा. पांढऱ्या पट्टीवर आपला उमेदवार शोधा, बटण दाबा, त्याच्यासमोर लाल दिवा लागला ना ते पाहा. मग गुलाबी. मग पिवळी. मग निळी. शेवटचं मत पडल्यावरच लांब बीप वाजतो. तो ऐकल्याशिवाय कक्षाबाहेर पडू नका. सगळ्या जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. आपण अर्ध्यावर निघालो तर कर्मचारी परत बोलावतात आणि मागची रांग खोळंबते.

मत कोणाला गेलं हे दाखवणारी कागदाची चिठ्ठी, म्हणजे व्हीव्हीपॅट, या निवडणुकीत नसते. तिची वाट पाहत उभं राहू नका. लाल दिवा आणि शेवटचा बीप, एवढीच तुमची पोच.

घरातल्या ज्येष्ठांना हे चार रंगांचं प्रकरण आदल्या दिवशीच समजावून द्या, शक्यतो कागदावर चार रंगीत पट्ट्या काढून. डोळ्यांना कमी दिसणाऱ्यांना सोबती नेता येतो. आत गेल्यावर चार यंत्रांकडे पाहून गोंधळलेली आजी बाहेर यायला दहा मिनिटं लावते आणि पुढच्या वेळी ‘नको बाई ते’ म्हणून घरीच बसते. तिचं मत जायला नको.

नोटा कधी दाबावा

प्रत्येक जागेच्या यादीच्या शेवटी ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय असतो. स्थानिक निवडणुकांत तो २०१३ पासून आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने त्याला वजन दिलं. एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची, असा तो आदेश आहे. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर मात्र त्याखालोखाल मतं मिळवणारा उमेदवार विजयी होतो.

माझं मत सांगायचं तर नोटा जागेनुसार वापरावा. ‘ब’ जागेवरचे सगळे उमेदवार तपासून एकही पटला नाही तर तिथे नोटा दाबणं प्रामाणिकपणाचं आहे. पण ‘क’ आणि ‘ड’ चे उमेदवार बघायला वेळच मिळाला नाही म्हणून तिथे नोटा दाबायचा, हे निषेधात मोडत नाही. वेळ न मिळाल्याचा भार त्या जागेवरच्या चांगल्या उमेदवारावर पडतो.

अडचण आली तर

तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर भांडून निघून जाऊ नका. केंद्राध्यक्षाकडे ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी मिळणारी कागदी मतपत्रिका, मागा. हे मत यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होतं. पण नोंद राहते. नाव यादीत नसेल तर शेजारच्या खोल्यांतल्या याद्या तपासायला सांगा. एका शाळेत अनेक केंद्रं असतात आणि कुटुंबं फुटलेली असतात. केंद्राबाहेर पैसेवाटप दिसलं तर आधी वेळ आणि जागा लिहून ठेवा, मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा पोलिसांकडे तक्रार करा. व्हॉट्सॲपवरची तक्रार ही तक्रार नव्हे.

निकालानंतर : महापौर कसा ठरतो

निकालाच्या दिवशी बहुतेकांचं लक्ष संपतं. खरं राजकारण त्या संध्याकाळी सुरू होतं.

निवडून आलेले नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी करतात, म्हणजे आपल्या पक्षाचा किंवा आघाडीचा गट नोंदवतात. एकदा गट नोंदवला की पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, लागू होतो. तो मोडला तर महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम १९८६ नुसार नगरसेवकपद जाऊ शकतं. अपक्ष कोणत्या गटात बसतो, हेही याच काळात ठरतं. तुम्ही अपक्षाला मत दिलं असेल तर त्याला याच आठवड्यात फोन करा आणि ‘कोणाबरोबर जाताय, का जाताय’ ते विचारा. महिन्याभराने विचारून उपयोग नाही.

महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी, हे नगरविकास विभाग मंत्रालयात सोडत काढून ठरवतो. २०२६ मध्ये निकाल १६ जानेवारीला लागला आणि ही सोडत २२ जानेवारीला निघाली. म्हणजे लोकांनी मत दिलं तेव्हा महापौरपद खुलं, महिलांसाठी की राखीव, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी कोणी ‘आमचा महापौर अमुक’ म्हणून मत मागितलं तर ही तारीख आठवा. सोडतीनंतर विशेष सभा होते आणि नगरसेवक उघडपणे मतदान करून महापौर आणि उपमहापौर निवडतात. अडीच वर्षांनी पुन्हा हाच खेळ.

महापौराइतकंच लक्ष स्थायी समितीवर ठेवा. मुंबई सोडून इतरत्र तिचे सोळा सदस्य असतात आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी स्थायी समितीला सादर करतो, मग ते सर्वसाधारण सभेत जातं. मोठी कंत्राटंही याच समितीतून मंजूर होतात. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून, मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचं होतं आणि पुण्याचं १२ हजार ६१८ कोटींचं. तुमच्या प्रभागातला कोणी स्थायीवर गेला असेल तर प्रभागाची कामं त्याच्याकडे लेखी द्या. तीही अंदाजपत्रक तयार होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षासाठी पडून राहतं.

पक्षांच्या संख्याबळानुसार स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढता घेतलेले, सदस्यही नेमले जातात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यांची संख्या निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा दहा, यांपैकी जी कमी असेल तितकी. अनुभवी माणसं सभागृहात यावीत म्हणून ही सोय आहे. त्यांना मताचा अधिकार नसतो. हरलेल्या उमेदवाराचं पुनर्वसन इथे होतंय का, ते बघा.

पाच वर्षांची नोंद

नगरसेवकाने काय केलं, हे त्याच्या कार्यअहवालावरून कळत नाही. त्या चकचकीत पुस्तिकेत प्रत्येक रस्ता त्यानेच केलेला असतो. सभागृहातली नोंद नगरसचिवांच्या कार्यालयात असते. माहिती अधिकाराचा अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि चार गोष्टी मागा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत झालेल्या सर्वसाधारण सभांची हजेरी, आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांनी विचारलेले लेखी प्रश्न, त्यांनी मांडलेले प्रस्ताव, आणि त्यांच्या विकासनिधीतून झालेल्या कामांची यादी, रक्कम आणि ठेकेदारांच्या नावासह. चौघांचीही माहिती एकाच अर्जात मागा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. ‘का केलं नाही’ असे प्रश्न अर्जात घालू नका, त्यांची उत्तरं या कायद्यात मिळत नाहीत. फक्त कागद मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा. आलेली कागदपत्रं सोसायटीच्या किंवा मंडळाच्या सूचना फलकावर लावा आणि एक प्रत चारही नगरसेवकांना पाठवा.